फ्रेंच कळत नाही, म्हणून ऐकायचं नाही?

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. पोस्ट लांब आहे, वेळ असेल तरच वाचा.

पुतण्याचा बारावीचा निकाल लागला, पेढे खायला सगळे जमलो होतो. पोराला फ्रेंचमध्ये शंभरापैकी ९७. मेहनती मुलगा आहे, कौतुक व्हायलाच हवं. मी हौसेने विचारलं, "फ्रेंचमधलं काय काय ऐकतोस रे?" तो गोंधळला. "ऐकायचं म्हणजे, आत्या?" दोन वर्षं ती भाषा शिकला आणि त्या भाषेतलं एक गाणं कुणी त्याच्या कानावर पडू दिलं नाही. मी फोनवर एक लावलं, तर सोफ्यावरून एक काका म्हणाले, "तुला तरी कुठे कळतं त्यातलं? उगाच शायनिंग." सगळे हसले.

तिथे गप्प बसले. पेढ्यांचा दिवस, पोराचा मूड कशाला घालवा. पण इथे बोलणार.

कळत नाही म्हणजे काय हो? तराणा कळतो? विलंबित ख्यालातले शब्द पहिल्या झटक्यात कुणाला ऐकू येतात? भीमसेनजींच्या आवाजातली कन्नड दासवाणी आमच्या घरी लहानपणापासून वाजते, घरात कन्नडचं अक्षर कुणाला येत नाही. तेव्हा कुणी शायनिंग म्हटलं नाही. नुसरतसाहेबांची पंजाबी आपल्याला किती कळते? माना मात्र सगळ्यांच्या डोलतात. मग फ्रेंचचं नाव निघालं की अर्थ कशाला आडवा येतो?

माझ्या आईची गोष्ट सांगते. आई गावच्या भजनी मंडळात वर्षानुवर्षं गायली, पेटीही वाजवते. ती माझ्याकडे राहायला आली होती, मी कामिय या फ्रेंच गायिकेचा 'ल फील' लावला होता. २००५चा अल्बम. आई मटार सोलत बसली होती. दोन गाणी झाली आणि तिने हात थांबवून विचारलं, "तानपुरा कोणी लावलाय गं?" तानपुरा नव्हताच. या बाईने अख्ख्या अल्बमखाली एकच सूर धरून ठेवलाय, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत न तुटता. वर तिचाच आवाज, एकावर एक रचलेला, तोंडाने काढलेले ठेके, टाळ्या, मध्येच डबल बास. आई उठली, पेटी उघडली, एक पट्टी दाबून बघितली आणि म्हणाली, "पांढरी सात. सुरात आहे पोरगी." आणि परत मटार.

अगदी बरोबर. तो सूर पांढरी सातचाच आहे. आईला एक शब्द कळला नव्हता, आणि अल्बमचा कणा मात्र तिने दोन गाण्यांत पकडला. शेवटचं गाणं संपल्यावरही तो सूर पुढे कितीतरी वेळ वाजत राहतो. आई त्यावर हळूच आपला अभंग म्हणायला लागली. आता काकांनी सांगावं, कुणाला कळलं आणि कुणाला नाही.

फ्रेंचांचं तर याच्याही पुढे आहे. माग्मा नावाचा बँड आहे, क्रिस्तियाँ वाँदेर हा त्यांचा ड्रमर. त्याने गाण्यासाठी स्वतःची भाषाच तयार केली, कोबाइयन. जगात कुणाचीच मातृभाषा नसलेली! १९७३च्या 'मेकानिक देस्त्रुक्तीव्ह कोमान्दोह'मध्ये त्या भाषेत अख्खा कोरस गर्जत असतो. फ्रान्समधल्या माणसांनी तो अल्बम अर्थ न कळताच ऐकला आणि डोक्यावर घेतला.

दुसरी चीड येते ती कॅफेवाल्यांची. फ्रेंच म्हटलं की ॲकॉर्डियन, आयफेल टॉवरचं चित्र आणि मागे जुन्या काळातली गायिका पियाफ, तिचं तेच ते एक गाणं. पियाफ मोठीच, त्यात वाद नाही. पण एवढ्या मोठ्या भाषेचं तुम्ही अत्तर करून टाकलंत! ही भाषा मार्सेयच्या वस्त्यांत आहे, ब्रसेल्समध्ये आहे, आफ्रिकेतल्या बामाकोत, डाकारमध्ये आहे, कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या बर्फात आहे. मॉन्ट्रियलचा एक बँड होता, नाव चक्क हार्मोनियम. पेटीवाल्या आईला हे नाव ऐकून कोण आनंद झाला! त्यांचा १९७५चा ऋतूंवरचा अल्बम ऐका. चार ऋतूंची चार गाणी आणि पाचवा ऋतू त्यांनी स्वतः कल्पनेने रचलेला. ड्रम्स जवळजवळ नाहीतच. बासरी, गिटार, आणि शेवटी सतरा-एक मिनिटांची रचना, जिच्यात बाईचा आवाज आहे पण शब्द एकही नाही. पाच-सहा मिनिटांपाशी बासरी थांबते आणि तो आवाज वर चढत जातो, तिथे आई डोळे मिटून बसली होती. त्या काळात क्यूबेकमध्ये, म्हणजे मॉन्ट्रियल ज्या प्रांतात आहे तिथे, भाषेचा प्रश्न पेटलेला होता, १९७७मध्ये त्यांनी फ्रेंचसाठी कायदा केला. एवढ्या तापलेल्या वातावरणात या पोरांनी इतकं शांत काहीतरी केलं, याचं मला फार अप्रूप आहे.

पॅरिसचंच हवं असेल तर सर्ज गॅन्सबुरचा 'इस्त्वार द मेलोडी नेल्सन' घ्या, १९७१चा. जेमतेम अठ्ठावीस मिनिटं. तो गात नाही, पुटपुटतो. खाली बास गिटार दबा धरून चालल्यासारखी, आणि मधूनच ज्याँ-क्लोद व्हानिएने रचलेले व्हायोलिन्स अंगावर येतात. मध्यमवयीन माणूस आणि पंधरा वर्षांची मुलगी ही त्यातली कथा मला आजही पटत नाही, खटकते. खटकायलाच हवी. पण ती बास एकदा कानात शिरली की जात नाही, हेही खरं.

शब्दांचं महत्त्व मी नाकारत नाही. स्त्रोमायचं 'पापाऊते' आमच्या इथल्या झुंबाच्या क्लासात लावतात. सगळ्या बायका हसत हसत उड्या मारतात. हा ब्रसेल्सचा मुलगा, त्याचे वडील १९९४च्या रवांडाच्या नरसंहारात मारले गेले. त्या गाण्यात तो विचारतोय, बाबा, कुठे आहात? हे कळल्यापासून त्या गाण्यावर माझे पाय उचलत नाहीत. हे शब्दांनीच केलं, मान्य. ठेक्याने नसतं झालं.

रॅपचंही तेच, तेही मान्य करते. मार्सेयचा इआम हा गट, १९९७चा 'लेकोल द्यु मिक्रो दार्जाँ'. शेवटचं गाणं जवळपास नऊ मिनिटांचं आणि त्याला धृपदच नाही. आधी एक जण बोलतो, मग दुसरा, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. वस्तीतली पोरं, ड्रग्ज, बेकारी, तुरुंग, एकामागून एक चित्रं. आईने हे मात्र अर्ध्यावर सोडलं. "बडबड आहे नुसती," म्हणाली. मी भाषांतर शोधून तिला ओळी वाचून दाखवल्या, तेव्हा गप्प झाली. मग म्हणाली, "हे आपल्याकडेही आहे की." मग मी म्हणते, असू दे, अर्थ नंतर वाचा. आज भाषांतर मिळायला किती वेळ लागतो? आधी कानाला तर येऊ द्या. अर्थ कळेपर्यंत दारच उघडायचं नाही, ही कसली रीत?

आणि आता जे लिहिणार आहे त्याने काही जण चिडतील. फ्रान्सने १९९४मध्ये कायदा केला आणि १९९६पासून रेडिओवर गाण्यांच्या कार्यक्रमांत चाळीस टक्के गाणी फ्रेंच हवीत असं बंधन आलं. त्यातलीही निम्मी नव्या कलाकारांची किंवा नव्या निर्मितीची. सक्तीने चांगलं संगीत घडत नाही, ठीक आहे. पण नव्या पोरांचा आवाज घराघरांत पोचायला त्याने जागा मिळाली, रॅपवाल्यांना तर खासच. आपण काय केलं? मुंबई-पुण्यात गाडीत रेडिओ लावा आणि मराठी गाण्याची वाट बघा. स्वतःच्या भाषेतलं गाणं ऐकायची सवय मोडलेली माणसं दुसऱ्याच्या भाषेला नुसता 'स्कोअरिंग' विषय म्हणणार, यात नवल कसलं! मराठी सोडून फ्रेंच घ्यायचं, का तर मार्क पडतात. म्हणजे मराठीही गेली आणि फ्रेंचही आलं नाही. पोरांना नाही बोलत मी, आपल्याला बोलतेय.

तिकडेही सगळं गोडीगुलाबीचं नाही. आया नाकामुरा बामाकोत जन्मलेली, फ्रेंचमध्ये गाणारी, जगभर ऐकली जाणारी. ऑलिम्पिकच्या उद्घाटनात ती गाणार अशी बातमी २०२४मध्ये फुटली, तर कडव्या उजव्यांनी तिच्याविरुद्ध फलक घेऊन सेन नदीकाठी निदर्शनं केली. २६ जुलैला ती सोनेरी कपड्यात पुलावर आली आणि रिपब्लिकन गार्डचा गणवेशातला बँड तिच्या तालावर डोलला. तो प्रसंग मी पुन्हा पुन्हा बघते. भाषा कुणाची, तर गाते तिची.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. मघाशी फ्रेंच गायिका फ्रान्स्वाज आर्दीचा 'ला केस्तियाँ' लावलाय. १९७१चाच. तुका नावाच्या ब्राझिलियन बाईबरोबर केलेला. गिटार, थोडे व्हायोलिन्स आणि अगदी कानाशी येऊन बोलल्यासारखा आवाज. आर्दी जून २०२४मध्ये गेली, तेव्हा आपल्याकडे फारसं कुणी काही लिहिलं नाही, ते मला लागलं होतं.

रॉक ऐकणाऱ्यांनी अलँ बाशुंगला चुकवू नका. १९९८चा 'फाँतेझी मिलितेर'. या माणसाला फुप्फुसाचा कॅन्सर झाला होता, तरी शेवटपर्यंत कार्यक्रम करत राहिला. फेब्रुवारी २००९च्या शेवटी काळी हॅट घालून मंचावर आला, एका रात्रीत तीन पुरस्कार घेतले, आणि १४ मार्चला गेला. मेटलवाल्या पोरांसाठी आल्सेस्ट या फ्रेंच बँडचा २०१०चा 'एकाय द ल्युन' आहे. किंचाळणं आणि धुकं, दोन्ही एकत्र.

यातलं काहीही शफलवर ऐकू नका, हात जोडून सांगते. 'ल फील' तर नाहीच, तो सूर तुटला की सगळं गेलं. एक अल्बम, सलग, हेडफोन लावून, फोन उलटा ठेवून. आणि तुमच्याकडे हैतीचं, सेनेगलचं, स्वित्झर्लंडचं फ्रेंचमधलं काही असेल तर खाली लिहा. सुटं गाणं नको, पूर्ण अल्बमचं नाव द्या. आई पुढच्या आठवड्यात येतेय, तिच्यासाठी यादी करतेय.