गोळे कशाचे, तेही लिहायला हवं होतं

अंड्याच्या कवचापासून बॉल मिलमध्ये (फिरत्या भांड्यात गोळ्यांनी दळणारं यंत्र) हाडासाठीची हायड्रॉक्सिॲपेटाइट (हाडात असणारं कॅल्शियम-फॉस्फेटचं खनिज) पावडर बनवता येते, हे तुमच्या लेखात छान मांडलंय. पण भांडं आणि गोळे कशाचे, हे राहूनच गेलं. नांदेडला एमएस्सीच्या प्रकल्पात आम्ही स्टीलचे गोळे वापरले आणि पांढरी पावडर राखाडी झाली. लोखंड झिजून मिसळलं होतं! शरीरात जाणाऱ्या वस्तूत हे कसं चालेल? मग झिर्कोनियाचे, म्हणजे एका कडक सिरॅमिकचे, गोळे घेतले. तेही झिजतात, पण फार कमी, आणि झिर्कोनिया शरीराला सोसतं. शिवाय जास्त दळलं की जास्त बारीक, असं नाही. कण पुन्हा एकमेकांना चिकटतात. दळताना भांडं तापतं, त्यात आमच्याकडे मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर, म्हणून १५ मिनिटं दळून तेवढाच वेळ थांबायचो. पावडरीत कॅल्शियम-फॉस्फरसच्या अणूंचं प्रमाण शुद्ध हायड्रॉक्सिॲपेटाइटइतकं, म्हणजे १.६७, येतंय का, ते मात्र दर वेळी तपासा.