नाणी घेत नाही, काका

“नाणी घेत नाही, काका.”

या वाक्यात मला दोन गोष्टी लागल्या. त्यातली ‘काका’ची जखम अजून ओली आहे, म्हणून आधी नाण्यांचं सांगतो.

फोर्टातल्या एका गल्लीतलं परकीय चलनाचं दुकान. माझ्या हातात अर्धा किलो श्रीखंडाचा रिकामा डबा, त्यात वीसेक वर्षांत खिशातून घरी आलेली आठ देशांची चिल्लर आणि वर रबर लावलेल्या थोड्या नोटा. काउंटरवर डबा ठेवला तेव्हा असा खणखणाट झाला की रांगेतली माणसं वळून पाहायला लागली. काचेपलीकडच्या मुलाने झाकणसुद्धा उघडलं नाही.

त्याची बाजू खरी आहे, हे कबूल करतो (राग तरीही आहे). आपल्याकडून घेतलेलं चलन त्याला पुढच्या प्रवाशाला विकायचं असतं. थायलंडचं १० बाथचं नाणं साडेआठ ग्रॅमचं. म्हणजे दहा हजार बाथ नाण्यांत द्यायचे तर साडेआठ किलो वजन, आणि नोटांत द्यायचे तर हजाराच्या दहा नोटा, शर्टाच्या खिशात मावतील. शिवाय नाणी निवडायची, मोजायची आणि परत त्या देशात पोचवायची कोणी? म्हणून जगात बहुतेक ठिकाणी नाण्याला हद्द ओलांडली की मोल उरत नाही. गंमत म्हणजे आपला कायदा नाण्यांच्या बाबतीत भलताच उदार आहे. परदेशातून आल्यावर उरलेल्या नोटा १८० दिवसांत परत करायच्या, दोन हजार डॉलरच्या किमतीपर्यंतच्या मात्र ठेवल्या तरी चालतात. नाणी? हवी तेवढी ठेवा, मर्यादाच नाही. सरकारलाही ती नको आहेत, हे त्या उदारपणामागचं रहस्य मला त्या काउंटरवर उमगलं.

बरं, नको तर नको. पण निदान झाकण उघडून बघावं माणसाने. त्यात १ बाथ आहे, त्यावर ‘वाट फ्रा केओ’ हे मंदिर. १० बाथ आहे, त्यावर ‘वाट अरुण’ मंदिर. बँकॉकच्या बिगरएसी बसमध्ये कंडक्टरबाई पत्र्याची लांब नळी घेऊन फिरतात; तिच्यात एकीकडे तिकिटांची गुंडाळी, दुसरीकडे मोड, आणि झाकण टकाटक आपटत त्या पैसे मागतात. आपल्या बेस्टच्या पंचची टिकटिक ज्याच्या कानात आहे त्याला तिथे पहिल्या दिवशीच माहेरी आल्यासारखं वाटतं. केनियाचं ४० शिलिंगचं नाणं आहे, स्वातंत्र्याला चाळीस वर्षं झाली म्हणून २००३ मध्ये काढलेलं, त्यावर राष्ट्राध्यक्ष किबाकी. पुढे २०१० च्या राज्यघटनेने नाण्या-नोटांवर कुणाही व्यक्तीचं चित्र छापायला मनाई केली, आणि आता तिथल्या नाण्यांवर जिराफ, गेंडा, सिंह, हत्ती आहेत. मोंबासाला शहाळ्याला ‘मडाफू’ म्हणतात आणि थट्टेने आपल्या शिलिंगलाही ‘मडाफूचे पैसे’ म्हणतात. स्वतःच्या चलनाची इतकी मोकळी चेष्टा करणाऱ्या लोकांबद्दल मला तेव्हापासून माया आहे.

आणि अमिरातीचा दिरहॅम, त्यावर लांब चोचीची कॉफीची किटली. त्या आखातात एकेकाळी आपलाच रुपया चालायचा. १९५९ पासून तर रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा छापल्या. १९६६ च्या जूनमध्ये आपण रुपयाचं अवमूल्यन केलं, आणि तोवर रुपया वापरणाऱ्या तिकडच्या राज्यांनीही एकेक करून आपली वेगळी चूल मांडली. हे सगळं त्या मुलाला सांगायची फार इच्छा होती. तो तोवर माझ्या नोटा बोटाने दोन ढिगांत सारत होता, भाजीवाला किडकी वांगी बाजूला काढतो तसा.

चालणाऱ्या ढिगात ३४० बाथ. दर २ रुपये २० पैसे, म्हणजे ७४८ रुपये. त्यातून जीएसटी ४५ रुपये वजा. मी म्हटलं, हे कुठल्या हिशेबाने? हिशेब असा: लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेच्या १ टक्का इतकं सेवेचं मूल्य धरायचं, पण कमीत कमी २५० रुपये; त्यावर १८ टक्के. म्हणजे तुम्ही ७४८ बदला नाहीतर २५,००० बदला, कर तोच, पंचेचाळीस. माझ्या रकमेच्या खऱ्या १ टक्क्यावर कर लावला असता तर एक रुपया पस्तीस पैसे झाले असते. थोडं बदलणाऱ्याला सहा टक्क्यांचा चिमटा आणि भरपूर बदलणाऱ्याला गुदगुली, हा न्याय मला आजही पटलेला नाही. त्यासाठी पासपोर्टची प्रत, पॅन कार्ड आणि सही दोन ठिकाणी. सातशे तीन रुपयांसाठी. यात येण्याजाण्याचं भाडं धरलेलं नाही.

न चालणाऱ्या ढिगात केनियाची जुनी हजाराची नोट. २०१९ च्या जूनमध्ये त्यांनी नव्या नोटा आणल्या आणि ३० सप्टेंबरनंतर जुना हजार बाद केला. चार महिने दिले होते लोकांना. आपल्याला ८ नोव्हेंबर २०१६ ला चार तास मिळाले होते, त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नाही. शिवाय व्हिएतनामचे २०,००० डाँग, निळे, प्लास्टिकचे. तिथली पाच लाखांची नोटही निळीच असते. रात्री टॅक्सीचं भाडं देताना ज्याने ही गल्लत केली तो परत कधी करत नाही. नोटा घामाने एकमेकींना चिकटतात ते वेगळंच.

आणि तिसरी नोट इंडोनेशियाची, २०,००० रुपियांची, १९९८ ची.

“अगंबाई! बाप्पा!”

माझ्या खांद्याजवळून एक काकू वाकल्या होत्या. सहल कंपनीची पिशवी गळ्यात, हातात डॉलर घ्यायचा अर्ज. पुढच्या आठवड्यात बालीला निघाल्या होत्या. नोट पाहताक्षणी त्यांनी त्या एसी दुकानात चपला काढल्या.

“आणि आज मंगळवार!”

त्या नोटेवर ‘की हाजर देवांतारा’ नावाचे तिथले शिक्षणतज्ज्ञ आहेत. त्यांचा जन्मदिवस, २ मे, तिथे राष्ट्रीय शिक्षण दिन असतो. शेजारी विद्येची देवता म्हणून गणपती, मागच्या बाजूला वर्गात बसलेली मुलं. मी हे सगळं सांगितलं. काकूंनी फक्त ‘शेजारी गणपती’ एवढंच ऐकलं.

“मॅडम, ही नोट बंद झालीये,” मुलगा म्हणाला.

“गणपती बंद होतो का रे?”

“म्हणजे बँक घेत नाही.”

“तुमच्या बोर्डावर तर रुपिया लिहिलाय.”

“तो नवीन. ही जुनी आहे.”

“जुनं ते जास्त जागृत,” काकूंनी निकाल दिला आणि नोट उचलून कपाळाला लावली. मग माझ्या कपाळाला लावली. माझ्या मागच्या सुटाबुटातल्या गृहस्थांनी आपलं कपाळ आपणहून पुढे केलं.

मला पाहवेना. मी रीतसर समजावलं. ही नोट २००८ च्या अखेरीस चलनातून गेली. त्यानंतर दहा वर्षं इंडोनेशियाच्या मध्यवर्ती बँकेत बदलून मिळत होती, २०१८ च्या डिसेंबरात तीही मुदत संपली. २०२२ च्या दिवाळीत दिल्लीच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी ‘इंडोनेशियाच्या नोटेवर गणपती आहे, आपल्याही नोटेवर लक्ष्मी-गणपती हवेत’ अशी मागणी केली, तेव्हा तो गणपती चलनातून निवृत्त होऊन जवळजवळ चौदा वर्षं झाली होती. काकू मान डोलावत होत्या. आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत लोक अशीच मान डोलावतात, आणि मग भलतंच मत देतात.

जाताजाता चार कामाच्या गोष्टीही सांगितल्या, कारण बाईंचं नुकसान व्हायला नको. डॉलर घ्याल तर शंभराच्याच कोऱ्या, नव्या नोटा मागा. घडी, शाईची खूण, फाटका कोपरा असला की बालीत भाव पाडतात, आणि दहा-वीसच्या नोटांना तर दरच कमी देतात. गल्लीतल्या ज्या दुकानाचा दर सगळ्यांपेक्षा चढा दिसेल तिथे शिरू नका. तो वीस-वीस हजारांचे गठ्ठे टेबलावर मांडतो, तुम्ही गोंधळता, मग ‘एकदा मोजून देतो’ म्हणत गठ्ठा उचलतो आणि दोन-चार नोटा मागच्या मागे टेबलाखाली जातात. लाखाच्याच नोटा मागायच्या, स्वतः मोजायच्या, आणि मोजून झाल्यावर त्याचा हात परत लागू द्यायचा नाही.

“तुम्ही किती छान सांगता हो, भाऊ,” काकू म्हणाल्या.

‘काका’नंतर तो ‘भाऊ’ कानाला असा लागला म्हणून सांगू!

“मग ही मला द्या ना. देव्हाऱ्यात ठेवते. विकत नाही घेत हं, देव विकत घेऊ नये. दक्षिणा देते. एक्कावन्न.”

काचेपलीकडचा मुलगा पहिल्यांदाच हसला. मला हसू आलं नाही, कारण मी मनात हिशेब केला होता: पॅन नाही, पासपोर्ट नाही, सही नाही, जीएसटी नाही. सकाळपासूनचा हा एकमेव सौदा ज्यात माझ्या मालाला कुणी नमस्कार केला होता.

त्यांच्याकडे पन्नासची नोट निघाली, वरचा रुपया निघेना. मी श्रीखंडाचा डबा खालपासून ढवळला. शिलिंग आले, सतांग आले, फिल्स आले. आपला रुपया एक नाही.

“असू दे,” काकू म्हणाल्या. “बाप्पा समजून घेईल.” नोट पाकिटात विमानाच्या तिकिटाशेजारी ठेवली, चपला घातल्या आणि वळून विचारलं,

“वीस हजारांचं तिथे काय काय येईल हो?”

दहा मिनिटं मी कुणाला समजावत होतो, ते मला परत एकदा समजलं. मुलगा माझ्याकडे बघत होता, सुटाबुटातले गृहस्थही.

“एक शहाळं,” मी म्हणालो, आणि डब्याचं झाकण लावलं.