बीजभाषण तपासतं कोण?

मानसशास्त्राच्या परिषदेचं माहितीपत्रक आलं की सगळ्यांची नजर आधी निमंत्रित वक्त्यांच्या यादीवर जाते. नोंदणीचे पैसे भरायचे की नाही, हे बरेच जण त्यावरच ठरवतात. पण आपलं संशोधन पोस्टरवर मांडणाऱ्या विद्यार्थ्याचा अडीचशे-तीनशे शब्दांचा सारांश निदान एखाद-दुसऱ्या परीक्षकाच्या नजरेखालून जातो. सॅम्पल किती, पद्धत कोणती, निष्कर्ष डेटाला धरून आहे का, हे कुणीतरी पाहतं. बीजभाषणाला, म्हणजे निमंत्रित वक्त्याच्या मुख्य भाषणाला, सहसा ही चाळणीच नसते. वक्त्याकडून शीर्षक, फोटो आणि परिचय मागवला की आयोजकांचं काम झालं. सभागृह खच्चून भरतं ते नेमकं याच भाषणाला.

हे उगीच खुसपट काढणं नव्हे. 'पॉवर पोज'चंच घ्या. दोन-एक मिनिटं ऐसपैस उभं राहिलं की टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन वाढतं, ताणाचं हार्मोन कॉर्टिसॉल उतरतं, हा २०१० सालचा दावा ४२ जणांवरच्या प्रयोगावर उभा होता. २०१५ मध्ये दुसऱ्या गटाने २०० जणांवर तोच प्रयोग केला. लोकांना 'जोर आल्यासारखं' वाटलं, हार्मोन्स मात्र जागचे हलले नाहीत. पुढच्याच वर्षी मूळ शोधनिबंधाच्या पहिल्या लेखिका डेना कार्नी यांनी 'हा परिणाम खरा आहे असं मला वाटत नाही' असं जाहीरपणे लिहिलं. शाबास त्यांची, एवढं धैर्य दुर्मीळ. तोवर ही कल्पना व्याख्यानांतून जगभर पोचली होती. २०१५ चाच १०० अभ्यासांच्या पुनरावृत्तीचा मोठा प्रकल्प पाहा: मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के 'सिग्निफिकंट' (केवळ योगायोगाने असा निकाल येणं अवघड, असे) होते, पुनरावृत्तीत ३६ टक्केच उरले आणि इफेक्ट साइज, म्हणजे परिणामाचा आकार, सरासरी निम्म्यावर आला. यात सगळे लबाड होते असं अजिबात नाही. लहान सॅम्पल आणि फक्त जमलेले निकाल छापायची सवय, एवढं पुरेसं असतं.

म्हणून परिषदेला जाण्याआधी प्रत्येक वक्त्यासाठी अर्धा तास काढा. त्यांचा सर्वाधिक उद्धृत झालेला प्रायोगिक शोधनिबंध उघडा आणि थेट 'पद्धत' विभागावर जा. एका गटात किती जण होते? दोन गटांमधला मध्यम फरक, म्हणजे कोहेनचा डी (सरासऱ्यांमधला फरक भागिले प्रमाण विचलन, म्हणजे आकड्यांचा पसारा) ०.५, ऐंशी टक्के पॉवरने (फरक खरा असेल तर तो सापडण्याची शक्यता) पकडायला प्रत्येक गटात ६४ जण लागतात. फरक ०.२ असेल तर जवळपास ४००. गटात वीसच जण असतील तर ०.५ चा खराखुरा फरकसुद्धा तीनपैकी दोन वेळा निसटतो. मग गूगल स्कॉलरवर त्या निबंधाच्या 'साइटेड बाय' यादीत (त्याचा उल्लेख करणारे निबंध) 'रेप्लिकेशन', म्हणजे पुनरावृत्ती, हा शब्द शोधा. पुनरावृत्ती त्याच प्रयोगशाळेची आहे की परक्या, हे आवर्जून पाहा. पूर्वनोंदणी (काय आणि कसं तपासणार हे आधीच जाहीर नोंदवणं) असेल तर तिची तारीख डेटा गोळा करण्याच्या आधीची आहे का, आणि नोंदवलेला मुख्य निकष (ज्या मोजमापावर निकाल ठरणार ते) तोच छापलाय का, हे ताडून पाहा. गडबड बहुतेक इथेच सापडते: नोंदवलेला निकष एक, ठळक अक्षरात छापलेला दुसराच.

प्रत्यक्ष भाषणात स्लाइडवरच्या आलेखाचा उभा अक्ष आधी बघा. समजा मोजपट्टी १ ते ७ ची आहे, एका गटाची सरासरी ४.६, दुसऱ्याची ४.९. अक्ष ४.५ पासून सुरू केला तर दुसरा खांब पहिल्याच्या चौपट उंच दिसतो आणि सभागृह माना डोलावतं. प्रमाण विचलन १.२ असेल तर हा फरक कोहेनच्या डीमध्ये फक्त ०.२५. तो नीट पकडायला गटागणिक अडीचशे माणसं हवीत. खांबांवरच्या, अनिश्चितता दाखवणाऱ्या त्या बारीक काड्या कशाच्या, हेही विचारा. गटात ३० जण असतील तर स्टँडर्ड एररची (सरासरीच्या अंदाजातल्या चुकीचं माप) काडी दोन्ही बाजूंना ०.२२ एवढीच निघते. ९५ टक्के विश्वासांतराची (खरी सरासरी ज्या पट्ट्यात असण्याचा अंदाज असतो तो) काडी साधारण दुप्पट लांब असते. कुठली काढली हे न सांगता पुढची स्लाइड आली, तर वहीत नोंद करून ठेवा.

खरी जबाबदारी आयोजकांची आहे. निमंत्रणातच तीन गोष्टी मागाव्यात: मुख्य दाव्यामागचा डेटा कुठे पाहायला मिळेल, त्याविरुद्ध गेलेला एक तरी निकाल, आणि त्या विषयावरची पुस्तकं, ॲप किंवा सशुल्क कार्यशाळा असल्यास तसा खुलासा. तासाभराच्या सत्रात चाळीस मिनिटं भाषण, वीस मिनिटं प्रश्न. हे गणित कोलमडतं ते परिचयात. दहा मिनिटं बायोडेटा वाचला जातो आणि मग 'वेळेअभावी एकच प्रश्न'. परिचय दोन मिनिटांत उरकावा. तो सगळा माहितीपत्रकात छापलेलाच असतो की!

आणि यादीत एकाच कंपूची माणसं नकोत. १९०९ मध्ये मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली हॉल यांनी अमेरिकेतल्या क्लार्क विद्यापीठाच्या विसाव्या वर्धापनानिमित्त मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांना बोलावलं. फ्रॉइडनी जर्मनमध्ये पाच व्याख्यानं दिली, ती आजही गाजतात. त्याच पाहुण्यांत प्रयोगशाळेतल्या आत्मनिरीक्षणाचे (स्वतःच्या मनातले अनुभव नोंदवण्याच्या पद्धतीचे) कट्टर पुरस्कर्ते टिचनर होते, मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न होते आणि मानववंशशास्त्राचे बोआसही. आज एखाद्या परिणामावर भाषण ठेवताना त्याची पुनरावृत्ती न साधलेल्या संशोधकालाही लगेच पुढचं सत्र द्यायला काय हरकत आहे? प्रवासभाडं दोघांचंही तेवढंच लागतं.

राहता राहिला प्रश्न विचारण्याचा भाग. 'हा प्रश्न नाही, फक्त एक टिप्पणी' अशी सुरुवात करणाऱ्याचा माइक सत्राध्यक्षांनी सौजन्याने परत घ्यावा. पहिला प्रश्न विद्यार्थ्याला द्यावा, कारण ज्येष्ठांनी सुरुवात केली की कनिष्ठ गप्प बसतात. आणि प्रश्न एका वाक्यात मावला पाहिजे, उदाहरणार्थ: 'कोणता निकाल आला असता तर तुम्ही हा सिद्धांत सोडला असता?'