आत्याची मिश्री आणि ट्यूबवरचा काळा चौकोन

आमच्या आत्यानं चार वर्षांपूर्वी मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड) सोडली होती. परवा फोनवर म्हणाली, "परत लावाय लागलीय बाबा, त्या पेस्टमधी विष असतंय म्हणं." आणि वर तो मेसेजही पाठवला. हाच मेसेज फॅमिली ग्रुपवर तीनदा येऊन गेला होता आणि मी दरवेळी 'जाऊ दे' म्हणून सोडून दिला होता. आता नाही सोडत.

मेसेज म्हणतो, ट्यूबच्या खालच्या टोकाला काळा चौकोन असला तर पेस्ट पूर्ण केमिकल, लाल असला तर अर्धी आणि हिरवा असला तर नैसर्गिक. अहो, ती मशिनसाठीची खूण आहे. ट्यूब भरून खालून सील करायची आणि कापायची तर ती नीट वळलीये का हे मशिनचा सेन्सर त्या पट्टीवरून ओळखतो, त्यामुळे मागच्या रंगावर उठून दिसेल असा कुठलाही रंग चालतो. बिस्किटाच्या पुड्याच्या कडेला बघा, तिथेही तेच चौकोन आहेत. आणि केमिकल म्हणाल तर मीठ पण केमिकलच.

पेस्टमधल्या फ्लोराइडने मेंदू मंद होतो म्हणे. यात अर्धं खरं आहे, ते कबूल करतो. अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रॅमच्या २०२४ च्या अहवालात जास्त फ्लोराइड आणि मुलांचा कमी बुद्ध्यंक यांचा संबंध दिसलाय, पण तो लिटरला १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असलेल्या पाण्याबाबत. आपल्याकडे यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्याचा हा त्रास खराच आहे. पेस्ट आपण पीत नाही, थुंकतो. पोरं गिळतात म्हणून तीन वर्षांखालच्यांना तांदळाच्या दाण्याएवढी द्यायची, जाहिरातीत ब्रशभर लाट काढतात तशी नाही.

"सगळ्या पेस्ट सारख्याच" हा मुद्दा मात्र बराचसा बरोबर आहे. लवंग, कोळसा, जेल, चमक यांचे जास्तीचे पैसे मी तरी देत नाही. फक्त फ्लोराइड आहे की नाही याने फरक पडतो. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१९ साली ९६ अभ्यास एकत्र तपासले, आणि फ्लोराइडवाल्या पेस्टने बिनफ्लोराइडच्या पेस्टपेक्षा दात कमी किडतात हे त्यातून पक्कं झालं. तेवढं ट्यूबवर वाचून घ्यायचं, मग स्वस्तातली घेतली तरी चालते.

आता खरा संताप. मेसेजच्या शेवटी लिहिलंय, "आपल्या आज्या मिश्रीनेच दात घासायच्या, भाजल्याने तंबाखूतलं विष जळून जातं." कुणी लिहिलं हे? मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेली तंबाखू. लहानपणी आत्या भाजायला बसली की ठसक्यानं आम्ही पोरं अंगणात पळायचो. भाजल्यावरही निकोटिन राहतंच (नाहीतर सुटायला आत्याला एवढा त्रास का झाला असता?) आणि जळताना कॅन्सर करणारी आणखी द्रव्यं तयार होतात ती वेगळीच. दाढ दुखली म्हणून सुरू केली, मग सकाळची दुपारी, दुपारची झोपताना, बोटानं हिरडीला लावून अर्धा-अर्धा तास मागच्या दाराशी बसून राहायची. याला दात घासणं म्हणायचं? पोटुशी बाई लावत असली तर बाळ कमी वजनाचं होऊ शकतं. सरकारनं १९९२ मध्येच दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली, पण घरच्या तव्यावर कोण बंदी आणणार.

आणि आज्यांचे दात म्हणाल तर आमच्या आजीला साठीत कवळी बसली होती. मिश्री लावूनच.

काल आत्याशी तासभर बोललो, सगळं पटलं तिला. डबी टाकली का विचारलं, तर म्हणाली, "टाकायची कशाला, शेजारणीला दिली."