बॅटरीत पाणी शिरायला वाट हवीच: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

विद्युत मोटारीच्या बॅटरी पॅकला, म्हणजे अनेक सेल असलेल्या सीलबंद डब्याला, आग लागल्यास आत पाणी सोडता यावे म्हणून अग्निशमन दलासाठी एक ठरलेले तोंड कारखान्यातच ठेवावे आणि आपल्याकडील नियमांत त्याची सक्ती व्हावी, अशी मागणी मी मागच्या लेखात केली होती. त्यावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत. आपण कोल्हापूरचे असून २०१९ आणि २०२१ चे पूर आपण पाहिले आहेत, त्यामुळे सीलबंद पॅकला मुद्दाम भोक पाडण्याची कल्पनाच आपल्याला धोक्याची वाटते. विद्युत गाड्या मुळात कमी पेटतात आणि अशा लेखांनी लोकांत विनाकारण भीती पसरते, असे आपण म्हणता. एवढ्या दाबाच्या विजेवर पाणी मारायला जवानांना सांगणे हा आपल्याला बेजबाबदारपणा वाटतो. आपल्या देशात वापरल्या जाणाऱ्या लोह-फॉस्फेट या रसायनाच्या सेलना याची गरज नाही आणि पेटलीच तर गाडी जळू द्यावी, आजूबाजूचे वाचवावे, असेही आपले म्हणणे आहे. त्याऐवजी सेलच पेटणार नाहीत असे करा, असे आपण सुचवता आणि शेवटी खर्चाबद्दल शंका घेता. दोन ओळींत भागण्यासारखे हे आक्षेप नाहीत, म्हणून सविस्तर लिहितो.

पुराच्या पाण्याचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, म्हणून त्यापासून सुरुवात करतो. पॅकचे कवच हा आजही अखंड डबा नसतो. उच्च दाबाच्या विजेच्या नारिंगी केबलींचे जोड त्यातून बाहेर येतात, थंड करणाऱ्या द्रवाच्या नळ्या आत-बाहेर जातात, आणि सेलमधून अचानक वायू सुटला तर तो बाहेर पडावा म्हणून दाब सोडणारी झडपही असते. या प्रत्येक ठिकाणी कवचाला भोक आहे आणि ते सील, गॅस्केट किंवा पडदा लावून बंद केलेले आहे. एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडवूनही आत पाणी जाऊ नये, या आयपी ६७ च्या कसोटीला पॅक उतरतो तो या सगळ्या भोकांसकटच. त्यामुळे भोक असावे की नसावे हा प्रश्न खरे तर उरत नाही. आणखी एक भोक तितक्याच भरवशाने बंद ठेवता येते का, एवढेच पाहायचे आहे.

रेनॉ कंपनीने फ्रान्समधील अग्निशमन दलांच्या सोबतीने जी रचना केली, ती ‘फायरमन ॲक्सेस’ या नावाने ओळखली जाते. तिच्यात पॅकच्या कवचाला एक तोंड ठेवलेले असते आणि त्यावर चिकटवलेली चकती बसवलेली असते. रोजच्या वापरात ती चकती कवच पूर्ण बंद ठेवते. गाडी पेटली की जवान त्या जागेवर पाण्याचा जोरदार झोत धरतो, झोताच्या माऱ्याने चकती निघते आणि पाणी थेट सेलपर्यंत पोहोचते. हे तोंड मागच्या आसनाच्या खाली, म्हणजे गाडीच्या आतल्या बाजूने ठेवले जाते, ही गोष्ट आपल्या आक्षेपाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. रस्त्यावरचे खडे, चिखल आणि सर्व्हिसिंगच्या वेळी खालून मारले जाणारे पाण्याचे प्रेशर यांपैकी काहीही त्या चकतीपर्यंत पोहोचत नाही.

आता पाण्याच्या दाबाचा हिशेब पाहू. गाडीभोवती एक मीटर पाणी साचले तर पॅकवर येणारा दाब साधारण ०.१ बार असतो. बंबाच्या पंपातून नळीत येणारे पाणी कित्येक बार दाबाने येते, म्हणजे पुराच्या पाण्याच्या कितीतरी पट. साचलेल्या पाण्यात घट्ट बसून राहील आणि झोताखाली सुटेल अशी चकती करण्यासाठी या दोन दाबांच्या मध्ये भरपूर मोकळी जागा आहे. पॅकच्या कवचांच्या रचनेवर मी काम केले आहे, त्या अनुभवावरून सांगतो की याहून कितीतरी कमी फरकावर आम्हाला झडपा बसवाव्या लागतात. पुरात बुडालेल्या गाडीचा प्रश्न वेगळा आणि गंभीरच आहे, पण तेथे पाणी केबलींच्या जोडांतून आणि जुन्या झालेल्या गॅस्केटमधून शिरण्याची शक्यता आधी तपासावी लागेल.

हे तोंड मुळात कशासाठी हवे, ते येथे पुन्हा सांगतो, कारण आपल्या प्रतिक्रियेत तो भाग निसटला आहे. एखादा सेल बिघडून आपोआप तापत गेला की त्याच्या आतले पदार्थच उष्णता आणि ज्वालाग्राही वायू तयार करू लागतात. ती उष्णता शेजारच्या सेलला पेटवते, तो त्याच्या पुढच्याला, आणि हे सगळे त्या बंद कवचाच्या आत, गाडीच्या तळाशी चाललेले असते. आगीच्या वर्दीवर पोहोचलेल्या जवानाला काय दिसते? चाकांच्या बाजूने येणारा पांढुरका धूर, फुसफुस आवाज, मधूनच सेल फुटल्याचे फटाके आणि खालून बाजूला झेपावणारी ज्वाळ. तो पाणी मारतो ते छतावर, दारांवर, काचांवर पडते आणि कवचाच्या झाकणावरून वाहून जाते. झाकण घट्ट लावलेल्या भांड्यावर कितीही पाणी ओतले तरी आतला पदार्थ लवकर निवत नाही, तसेच येथे होते. ज्या आयपी ६७ च्या कवचाचे आपण कौतुक करता, आणि योग्यच करता, तेच कवच आगीच्या वेळी पाण्याला दाराबाहेर थांबवते.

किती पाणी लागते याचेही भान हवे. अमेरिकेतील फायर प्रोटेक्शन रिसर्च फाउंडेशनने २०१३ मध्ये पूर्ण आकाराच्या बॅटऱ्या पेटवून चाचण्या प्रसिद्ध केल्या, तेव्हा एकेका चाचणीत सुमारे एक हजार लिटरपासून जवळजवळ दहा हजार लिटरपर्यंत पाणी लागले. टेस्लाच्या एका गाडीच्या आपत्कालीन मार्गदर्शिकेत बॅटरी थंड करण्यासाठी सुमारे ११,३०० लिटर पाण्याची सोय ठेवा, असे म्हटले होते. आपल्याकडे नेहमी दिसणाऱ्या बंबाची टाकी साडेचार हजार लिटरची असते. एका मोटारीसाठी अडीच बंब! तालुक्याच्या ठिकाणी, जेथे नगरपालिकेकडे मुळात एकच बंब असतो आणि तोही आधी दुसऱ्या वर्दीवर गेलेला असू शकतो, तेथे हा आकडा काय सांगतो, हे मी वेगळे लिहायला नको. पाणी थेट सेलवर पोहोचले तर हेच काम तासांऐवजी काही मिनिटांत होते, असा रेनॉ आणि तिच्याबरोबर काम करणाऱ्या जवानांचा दावा आहे, आणि उष्णता कोठून निघते हे पाहिले तर तो पटण्यासारखा आहे.

विजेच्या झटक्याची आपली काळजी स्वाभाविक आहे. जवानाने दुरून पाणी मारल्यास झोतातून वीज त्याच्याकडे येईल, असे आपल्याला वाटते. गाडीची उच्च दाबाची यंत्रणा घरातील विजेसारखी जमिनीशी जोडलेली नसते. तिचे धन आणि ऋण असे दोन्ही ध्रुव गाडीच्या सांगाड्यापासून वेगळे ठेवलेले असतात, त्यामुळे झोतातून जवानामार्गे जमिनीकडे वीज वाहण्याचा मार्ग पुरा होत नाही. वर उल्लेखलेल्या २०१३ च्या चाचण्यांत नळीच्या तोटीपाशी विद्युतप्रवाह मुद्दाम मोजला गेला आणि जवानाला इजा होईल असा प्रवाह आढळला नाही. खरा धोका आहे तो पहार किंवा कटर घेऊन पॅक फोडायला जाणाऱ्याला. कवच भेदून आत पाणी सोडणारी साधने परदेशात निघाली आहेत. ऑस्ट्रियाच्या रोझेनबावर कंपनीचे उपकरण गाडीखाली सरकवून दुरून चालवले जाते आणि खालून पॅकला टोचते. पण बहुतेक वाहन उत्पादक पॅकला छेद देऊ नका असेच बजावतात, कारण टोच सेलवर बसेल की मोकळ्या जागेत, हे बाहेरून कळत नाही. रचना करणाऱ्यालाच ठाऊक असते की पाणी कोठून घातले तर ते सगळ्या मॉड्यूलभोवती, म्हणजे सेलच्या गटांभोवती, पसरेल. जे ज्ञान कारखान्यात आहे, ते रस्त्यावरच्या जवानाने धुरात उभे राहून अंदाजाने मिळवावे, अशी अपेक्षा आपण का करावी?

विद्युत गाड्या कमी पेटतात, हे मला मान्यच आहे आणि तसे मी मूळ लेखातही लिहिले होते. स्वीडनच्या नागरी आपत्ती संस्थेच्या २०२२ च्या आकडेवारीत सुमारे ६ लाख ११ हजार विद्युत वाहनांपैकी २३ वाहनांना आग लागल्याची नोंद आहे, तर सुमारे ४४ लाख पेट्रोल-डिझेल गाड्यांपैकी ३,४०० गाड्यांना. विद्युत गाड्या तुलनेने नव्या आहेत हे धरूनही फरक मोठा आहे. पण आगी किती लागतात आणि लागलेली आग किती अवघड असते, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत, आणि माझा लेख फक्त दुसऱ्याबद्दल होता. जून २०२२ मध्ये वसईत विद्युत मोटार पेटल्याची चित्रफीत आपण सर्वांनी पाहिली. विद्युत गाडी घेऊ नका, असे मी त्यावरून म्हटले नव्हते आणि आजही म्हणत नाही.

लोह-फॉस्फेट सेलबद्दल आपण जे लिहिले ते अर्धे बरोबर आहे. ते अधिक तापमानाला बिघडतात आणि बिघडल्यावर कमी उष्णता देतात. मात्र त्यांच्यातून सुटणाऱ्या वायूत हायड्रोजनचा वाटा मोठा असतो आणि तो वायू लगेच पेट घेईलच असे नसते. बंदिस्त जागेत तो साठत जाऊन एकदम भडकू शकतो. ज्वाळ दिसत नाही म्हणून जवान बेसावध राहावा, अशी ही परिस्थिती आहे. सेल वेळेत थंड होणे तेथेही तितकेच निकडीचे आहे.

आणि आता “जळू द्यावे” याबद्दल. मोकळ्या द्रुतगती मार्गावर, वाहतूक थांबवून, वाऱ्याची दिशा पाहून असे करणे योग्य ठरू शकते, आणि अनेक उत्पादकांच्या मार्गदर्शिकाही तो पर्याय देतात. परंतु पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत गाड्या तळघरात दोन-दोन मजले खाली, एकमेकींना खेटून उभ्या असतात. तेथे जळू देण्याचा अर्थ वरच्या सर्व मजल्यांनी धूर सोसणे असा होतो. दक्षिण कोरियातील इंचॉन येथे १ ऑगस्ट २०२४ रोजी निवासी संकुलाच्या तळघरात एक विद्युत मोटार पेटली. आग विझायला सुमारे आठ तास लागले आणि शंभराहून अधिक गाड्यांना झळ बसली. तेथील स्प्रिंकलर चाललेच नाहीत, हे नुकसान वाढण्याचे मोठे कारण होते, हे नोंदवायला हवे. तरीही स्प्रिंकलर आग पसरू देत नाहीत, ते पॅकच्या आत पाणी पोहोचवत नाहीत. आणि बाहेरून विझलेली बॅटरी विझलीच आहे, असेही नसते. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथे अपघात झालेल्या गाडीची बॅटरी वाहने ठेवण्याच्या आवारात काही दिवसांनी पुन्हा पेटली. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने अशा घटनांचा अभ्यास करून २०२० मध्ये अहवाल दिला. पॅकमध्ये अडकून राहिलेली ऊर्जा मदतकर्त्यांना धोकादायक आहे आणि उत्पादकांच्या मार्गदर्शिका अपुऱ्या आहेत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

सेलच पेटणार नाहीत असे करा, ही आपली सूचना योग्य दिशेची आहे. चीनने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेले आणि १ जुलै २०२६ पासूनचे नवे मानक नेमके हेच मागते: एक सेल बिघडला तरी पॅकने पेट घेता कामा नये. आपल्याकडे डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने कडक झालेल्या एआयएस-०३८ या विद्युत वाहनांच्या सुरक्षा-मानकामध्ये, सेल बिघडल्यावर प्रवाशांना गाडीतून उतरण्यासाठी पाच मिनिटे आधी इशारा मिळावा, अशी अट आहे. ती आवश्यकच होती. पण त्या पाच मिनिटांनंतर जो माणूस त्या गाडीच्या दिशेने चालत जातो, त्याला पॅकच्या आत पाणी घालण्याची वाट मिळालीच पाहिजे, अशी अट मात्र त्यात नाही. शिवाय नवे मानक नव्या गाड्यांना लागू होईल आणि आज रस्त्यावर असलेल्या गाड्या पुढची अनेक वर्षे धावत राहतील.

या तोंडाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. गाडी कुशीवर पडली असेल किंवा छत आसनांवर दबले असेल, तर झोत तेथे पोहोचणार नाही. बॅटरी पेटली आहे याची खात्री नसताना ते वापरले तर धड पॅक वाया जाईल आणि नवा बिघाड ओढवेल, म्हणून प्रशिक्षणाशिवाय त्याचा उपयोग नाही. बाहेर वाहणारे पाणी दूषित असते, ते नाल्यात सोडता येत नाही. स्कूटरच्या छोट्या पॅकसाठी ही रचना गैरलागू आहे. बसमध्ये पॅक छतावर किंवा मागे असतात, तेव्हा त्यांच्यासाठी तोंडाची जागा निराळी ठरवावी लागेल. पुण्याच्या पीएमपीएमएलसारख्या बससेवांच्या ताफ्यांत विद्युत बस मोठ्या संख्येने आल्या आहेत, त्यामुळे हे काम मोटारींच्या आधी हाती घेतले तरी माझी हरकत नाही.

खर्चाबद्दल आपण शेवटी शंका घेतली आहे. रेनॉने २०२५ मध्ये या रचनेचा परवाना इतर उत्पादकांना विनामूल्य देऊ केला, त्यामुळे पेटंटची अडचण उरलेली नाही. राहते ती चकती, ते तोंड आणि जागा दाखवणारी खूण. ही खूण प्रत्येक कंपनीने स्वतःच्या मर्जीने लावून चालणार नाही. वाहनाच्या बचाव-पत्रकासाठी, म्हणजे गाडीतील धोक्याच्या जागा मदतकर्त्यांना दाखवणाऱ्या पत्रकासाठी, आयएसओ १७८४० हे आंतरराष्ट्रीय मानक उपलब्ध आहे आणि मोटारींच्या सुरक्षिततेला तारे देणारी युरो एनसीएपी ही संस्था ती पत्रके जवानांच्या मोबाइलवर देते. आपल्याकडील तशाच भारत एनसीएपीने तसे केले, तर वर्दीवर निघालेल्या बंबातच ही जागा जवानांना पाहता येईल.

आपण सुचवलेली एक गोष्ट मी मनापासून उचलून धरतो. चकतीची चाचणी नवी असताना घेऊन भागणार नाही, आठ-दहा पावसाळे आणि विदर्भातील उन्हाळे सोसल्यानंतरच्या स्थितीत ती घेतली पाहिजे, असे आपण लिहिले आहे. डिंक उष्णतेने कोरडा पडतो, दमटपणाने सुटतो, आणि युरोपातील हवामानात टिकलेली चकती येथे टिकेलच असे गृहीत धरता येत नाही. उष्णता आणि दमटपणाचे आलटून पालटून फेरे दिल्यानंतर तीच चकती पाण्यात बुडवून पाहावी आणि त्यानंतर लगेच तिच्यावर झोत धरून ती सुटते की नाही तेही पाहावे, असा चाचणीचा मसुदा मी लिहायला घेतला आहे. वाहनांच्या चाचण्या घेणाऱ्या पुण्याच्या एआरएआय या संस्थेकडे तो पाठवण्याआधी, आपली परवानगी असल्यास, आपल्या प्रतिक्रियेतील पुराच्या पाण्याच्या खोलीचे आणि ते किती काळ साचले होते याचे तपशील मी त्यात घेईन. अर्ध्या तासाची कसोटी कोल्हापूरच्या पुराला पुरी पडत नाही, हे त्यातून सहज दाखवता येईल.