जिद्द ठीक, पण हिशेबाचं काय?

संकटात खचायचं नाही, सकारात्मक राहायचं, असं सांगणारा एक लेख वाचला. त्याचा सूर पटला, पण अर्धाच. आमच्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात जिद्दीला तोटा कधीच नव्हता. पाणी लागेना म्हणून कर्ज काढून दुसरी बोअर, मग तिसरी, आणखी खोल... ही पण जिद्दच की!

याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजार या गावाने वेगळं काय केलं? पोपटराव पवार १९८९-९० च्या सुमारास सरपंच झाले, पुढे बांधबंदिस्ती, झाडं, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी हे झालंच. पण मला विशेष वाटतो तो पाण्याचा ताळेबंद. पावसाळा सरला की पाऊस किती झाला, विहिरींना पाणी किती, हे बघायचं. आधी माणसाजनावरांचं प्यायचं पाणी बाजूला काढायचं आणि उरलेल्यावर रब्बीला काय पेरायचं ते ग्रामसभेत ठरवायचं. पाऊस कमी, तर पीक बदला. शेतीला बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही. आजूबाजूला उसाचे पैसे दिसत असताना हे पाळणं सोपं नसणार (आमच्याकडे नुसता विषय काढा, बैठकच मोडते). पर्जन्यमापकातला आकडा आवाज चढवून वाढत नाही, एवढं त्या गावाने मान्य केलं.

लेखकाने या बाजूवरही लिहावं.