दोन बोटं खेळ

हस्त लागला, पाऊस उघडला, रानाला वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आला आणि आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन आला. आबा फोनवर हॅलो वगैरे म्हणत नाहीत. "ट्रॅक्टर गिअर घेईना, ये" एवढं बोलले आणि ठेवला. मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, म्हणजे दुसऱ्याने केलेलं कुठं मोडतं ते शोधायचा पगार घेतो, आणि घरच्यांनी त्याचा सोयीस्कर अर्थ असा लावलाय की मिक्सरपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं मला दुरुस्त करता येतं.

आमचं गाव बार्शी तालुक्यात. ज्वारी पेरायची होती, मालदांडी, आणि वापसा काय आपल्यासाठी थांबत नसतो, चार दिवस इकडचे तिकडे झाले की वरची ओल गेली. ट्रॅक्टर १९८७ चा, माझ्याहून एक वर्षाने मोठा, घरात त्याचा मानही थोरल्या भावाचाच. माझ्या लग्नात त्याला नवीन टायर बसले, मला घड्याळ मिळालं.

तर पोचलो. ट्रॅक्टर जूनपासून लिंबाखाली पत्र्याच्या आडोशाला उभा, आणि तो पत्रा बरोबर ट्रॅक्टरवरच गळतो. स्टार्ट झाला हाफ सेल्फमधे. न्यूट्रलला छान धकधक चालला. क्लच पूर्ण दाबून गिअर टाकायला गेलो की कर्रर्र असा आवाज की गोठ्यातली म्हैस दावं ओढायला लागली.

मी रात्रीच मोबाईलवर वाचून आलो होतो. क्लचचे रोग दोनच, एक तर धरत नाही नाहीतर सोडत नाही, अगदी आमच्या भावकीसारखं. पेडल दाबताना सुरुवातीला नुसतंच मोकळं जातं तो त्याचा खेळ. हा खेळ जास्त झाला की तो नीट सोडत नाही आणि गिअर रडतात, खेळ संपला की नीट धरत नाही आणि इंजिन नुसतं बोंबलतं. आपला सोडत नाही, म्हणजे खेळ जास्त, म्हणजे रॉडचा नट फिरवून कमी करायचा. सोपं! १७ चा पाना बसेना, १८ चा घसरला, कारण त्या काळचा नट इंचात आहे हे मला अर्धं बोट सोलल्यावर आबांनी सांगितलं. ते तोवर बाजेवर बसून बघत होते.

नट आवळला. कर्रर्र. अजून आवळला. कर्रर्र. पेडलला खेळ म्हणून उरला नाही, पण गिअर काय पडेना.

एव्हाना माणसं जमली होती. गावात कुणाचं बोनेट उघडं दिसलं की माणसं जमतातच, त्यातले निम्मे सल्ला द्यायला आणि निम्मे पेरणीला आपल्याला ट्रॅक्टर मिळणार का ते बघायला. तात्या, म्हणजे माझे धाकटे चुलते, त्यांनी लांबूनच निकाल दिला, "फोडावा लागतोय बघ." ट्रॅक्टर फोडणे म्हणजे काय ते ज्याला माहीत नाही तो सुखी. क्लच बसलेला असतो इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधोमध, तिथं हात घालायला जागाच नाही, म्हणून पुढच्या एक्सलला लाकडी पाचरी ठोकून, खाली जॅक लावून, सगळे बोल्ट काढून ट्रॅक्टरचे चक्क दोन तुकडे करायचे आणि मागचा भाग ढकलत न्यायचा. परत जोडताना शाफ्ट क्लचप्लेटच्या भोकात सरळ गेला तर गेला, नाहीतर चार जण घामाघूम आणि एकमेकांच्या आयांची आठवण.

आबा काही बोलले नाहीत, पण त्यांनी मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्री तिकडं कुणाच्या तरी मळणी यंत्राखाली. त्यांनी एकच विचारलं, "पावसात उभा हुता का?" हुता. "मग काय नाय, प्लेट गंजून इंजिनच्या फ्लायव्हीलला चिकटलीय. मोकळ्या माळावर न्या, इंजिन तापवा, बंद करा, गिअर टाका, क्लच दाबून धरा आन तसाच सेल मारा. पळाया लागला की क्लच न सोडता ब्रेक हाणायचा. म्होरं कुणी नको."

म्होरं कुणी नको म्हटल्यावर सगळे बघायला म्होरंच. त्यांना हाकलण्यात दहा मिनिटं गेली. मग आबा चढले, सेल मारला, क्लच पूर्ण दाबलेला असताना ट्रॅक्टर हरणासारखी उडी घेऊन पळाला, आबांनी ब्रेक हाणला, परत पळाला, परत हाणला, तिसऱ्यांदा खालून फट्ट असा आवाज आला आणि इंजिन चालू असताना ट्रॅक्टर जागेवर उभा. सुटली प्लेट! तात्या म्हणाले, मी म्हणतच होतो.

नारळ फोडून पेरणीयंत्र जोडलं आणि रानात घातलं. शंभर फूट गेलो असू. इंजिन आभाळाला भिडतंय, धूर निघतोय आणि चाकं जागच्या जागी. वर करपलेल्या रबरासारखा वास. रोग नंबर दोन, आणि हा मी स्वतः सकाळी नट आवळून लावलेला. पेडलला खेळ नाही म्हणजे बेअरिंग कायम क्लच सोडवणाऱ्या पंजांवर दाबून, म्हणजे क्लच अर्धवट दाबलेलाच. एक चूक नसताना दुरुस्त केली की अशी दुसरी होते, ऑफिसात ह्याला आम्ही वेगळं नाव देतो आणि डेव्हलपरवर ढकलतो. इथं ढकलायला कुणी नव्हतं.

आता नट ढिला करायचा, पण किती? मॅन्युअल म्हणतं २० ते २५ मिलिमीटर. आबा म्हणतात दोन बोटं. मी माझी दोन बोटं घालून ढिला केला, रानात धरेना. आबांनी त्यांची दोन बोटं घातली, गिअर परत रडायला लागले. कारण आबांची दोन बोटं म्हणजे माझी तीन, नांगर धरलेली बोटं ती, माझी कीबोर्डची. कुणाची बोटं प्रमाण मानायची ह्यावर बांधावर अर्धा तास वाद झाला, त्यात तात्यांनी आजोबांची बोटं काढली, जे वारून वीस वर्षं झाली.

संध्याकाळी मिस्त्री आले. वाकून नुसतं पेडल हलवलं. रॉडच्या पिनीचं भोक झिजून लांबट झालं होतं, त्यामुळे माप कुणीही घ्या, दर वेळी वेगळंच येणार. त्यांनी जाड पिन बसवली. मग खिशातून काडेपेटी काढली, माझ्याकडे हात केला. माझ्याकडे कुठली, तात्यांनी दिली. दोन्ही आडव्या एकावर एक ठेवून पेडलचा खेळ मोजला, लॉकनट आवळला, आणि त्यातलीच एक काडी ओढून बिडी पेटवली.

"आन ह्ये," ते आबांच्या डाव्या पायाकडे बोट दाखवून म्हणाले, "क्लचवर ठेवायचं न्हाय. पाय ठेवायला खाली फूटबोर्ड दिलाय कंपनीनं." आबा ३५ वर्षं पाय तिथंच ठेवतात. त्यांनी पाय खाली घेतला, असा की जणू कुणी तुळशीवर पाय दिला म्हटलंय.

दोन दिवसांत पेरणी उरकली. निघायच्या सकाळी चहा टाकायचा तर लायटर बिघडलेला, आणि आईला काडेपेटी सापडेना. देवघरात नाही, चुलीपाशी नाही, परवाच दोन आणल्या होत्या म्हणे.

आबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "टूलबॉक्समधे हायत. त्यातली काडी वापरा, पण डबी जागेवर ठेवा."